पुढचे ब्रेक मोठे केले, लिटरभर ऑइल संपलं, पेडल अजून नरमच

वाळूज_बायपास

गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, एबीएस नसलेली. पुढं मूळचे ५१ मिमी पिस्टनचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) होते. ते काढून वरच्या मॉडेलचे ५७ मिमीचे कॅलिपर, त्यांचेच ब्रॅकेट आणि मोठ्या डिस्क टाकल्या. कॅलिपर जुन्या मालाच्या बाजारातले आहेत, पण पिस्टन सील, डस्ट बूट, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनचे बूट सगळं नवं. पुढचे होज (ब्रेकच्या लवचिक नळ्या) स्टीलच्या जाळीचे. मागं ड्रमच आहेत, त्यातल्या शूंवर (ड्रमला आतून टेकणाऱ्या पट्ट्यांवर) घासणारे लायनर नवे टाकले. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) मूळचाच, अंगावर १३/१६ (इंच) कोरलेलं आहे. ऑइल डॉट ४, सीलबंद बाटलीतलं.

आता पेडल पहिल्या दाबात जवळजवळ दोन तृतीयांश खाली जायलंय. लगेच दुसऱ्यांदा मारलं की वर येतं, पण तेव्हाही कडक लागत नाही, फुग्यावर पाय ठेवल्यासारखं दबतं. तीनदा एअर काढली: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं या क्रमानं. शेवटी शेवटी चारही निपलमधून (एअर काढायच्या तोंडांतून) एक बुडबुडा येईना. गळती कुठं नाही, डबीतली पातळी जागच्या जागी. मिस्त्री म्हणायलेत अजून एकदा एअर काढू. चौथ्यांदा काढून वेगळं काय होणार कळंना. का मास्टरच मोठा टाकावा लागेल? गाडी रस्त्यावर काढलेली नाही.

लातूरचा_पाना

काढूही नका. आणि चौथ्यांदा एअर काढायच्या आधी 'नरम' म्हणजे नेमकं कसलं नरम ते वेगळं करा, नाहीतर दुसरं लिटर पण जाईल.

पेडल खोल जातं, पण एका जागी येऊन कडक लागतं आणि दुसऱ्या दाबात वर चढतं: चाकापाशी कुठंतरी गाळा (मधली मोकळी जागा) जास्त आहे. पहिला दाब तो गाळा भरण्यातच खर्च होतो. कितीही पंप मारा, दाबताना रबरासारखं दबत राहतं: आत एअर आहे, नाहीतर काहीतरी वाकतंय. पाय धरून ठेवला की हळूहळू बसत जातं: मास्टरच्या आतलं सील गेलंय किंवा गळती आहे. तुमच्या वर्णनात पहिले दोन्ही प्रकार एकत्र दिसतात. म्हणजे दोष एकच आहे असं धरून चालू नका.

तपासणी इंजिन बंद ठेवून करा. आधी पाच-सहा वेळा पेडल मारून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपवा. इंजिन चालू असताना बूस्टरच्या जोरामुळं चांगलं पेडलसुद्धा मऊ वाटतं आणि भलताच निष्कर्ष निघतो. (पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू केलं की ते थोडं खाली जातं, तो दोष नव्हे. बूस्टर काम करतोय एवढाच त्याचा अर्थ.)

आता पेडलवर हलका पाय ठेवून एक मिनिट थांबा. हलकाच, जोरात नाही. जोरात दाबलं की सीलची कड ऑइलच्या दाबानंच सिलिंडरला घट्ट चिकटते आणि झिजलेलं सीलही पास होतं. हलक्या दाबात ते ऑइल सोडतं आणि पेडल खाली सरकतं.

मग हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल पुन्हा दाबा. शेजारी स्टीलची पट्टी उभी धरून फ्लोअरपासून पेडलची उंची मोजा, हँडब्रेक सोडून एकदा आणि ओढून एकदा. ओढल्यावर पेडल ठळकपणे वर आलं तर मागच्या ड्रमचं अ‍ॅडजस्टमेंट ढिलं आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण नव्वद टक्के मिस्त्री ते करत नाहीत आणि पुढंच एअर काढत बसतात.

चाकाचाकानं दोष शोधायचा तर होज दाबायचा चिमटा वापरतात, पण फक्त रबरी होजवर आणि गोल गुळगुळीत जबड्याचाच. जाळीच्या होजला चिमटा लावू नका, आतली नळी एकदा चेपली की कामातून गेली. तुमच्याकडं पुढं जाळीचे आहेत, तेव्हा गरज पडलीच तर मास्टरच्या आउटलेटलाच योग्य चुडीचे (आट्यांचे) बंद प्लग बसवून पाहावं लागेल. तसं केल्यावर पेडल वरच्या वर दगडासारखं लागलं तर मास्टर आणि बूस्टर निर्दोष.

पण त्याआधी एक गोष्ट सांगा. पुढच्या दोन्ही कॅलिपरवर निपल कुठं आहे? तो कॅलिपरच्या सगळ्यात उंच जागी असायला हवा, होजच्या बॅन्जोच्याही (कॅलिपरला पोकळ बोल्टानं जोडलेल्या गोल टोकाच्याही) वर. आणि कास्टिंगवर एल की आर, काय कोरलंय तेही पाहा. "बुडबुडा येईना" म्हणजे एअर संपली असं नव्हे. बुडबुडा निपलपर्यंत पोचत नाही, एवढंच त्यातून कळतं.

जालना_टर्नर

एवढं कशाला? गणित उघड आहे. पिस्टन ५१ चा ५७ झाला, क्षेत्रफळ २०४३ चौरस मिमीवरून २५५२ वर गेलं. पंचवीस टक्के जास्त ऑइल लागणार आणि मास्टर तेवढाच. पेडल खाली जाणारच. सरळ २३.८१ मिमीचा मास्टर टाका आणि मोकळे व्हा.

गोदाकाठ_परभणी

टर्नर भाऊ, गणित बरोबर आहे पण अर्ध्यात सोडलंय. पंचवीस टक्के कशाचे? पॅड डिस्कला टेकेपर्यंत पिस्टन जेवढा सरकतो, त्याचे. चांगल्या कॅलिपरमध्ये तो सरकतोच मुळी कमी, कारण चौकोनी सील त्याला अगदी थोडा मागं ओढतं. दोन्ही पॅडचा मिळून ०.३ मिमी धरू.

दोन कॅलिपर, प्रत्येकी ५०९ चौरस मिमीची वाढ, सरक ०.३ मिमी. जास्तीचं ऑइल झालं ३०५ घन मिमी. १३/१६ म्हणजे २०.६४ मिमीचा मास्टर, त्याचं क्षेत्रफळ सुमारे ३३५ चौरस मिमी. म्हणजे मास्टरच्या पिस्टनला ०.९ मिमी जास्त जावं लागेल. पेडलचा लिव्हर चारास एक (पेडल चार मिमी गेलं की मास्टरचा पिस्टन एक मिमी) धरला तर पायाखाली साडेतीन-चार मिमी. कॅलिपर आणि पॅड दाबाखाली थोडे ताणतात-दबतात म्हणून दुप्पट धरा, आठ मिमी. आठ मिमीनं पेडल दोन तृतीयांश खाली जात नाही.

आता हाच हिशेब मागच्या ड्रमला लावा. व्हील सिलिंडर १९ मिमीचा धरला तर क्षेत्रफळ साधारण २८५. लायनर आणि ड्रममध्ये गरजेपेक्षा फक्त ०.६ मिमी गाळा जास्त असला, तर शू खालच्या टोकावर फिरत असल्यामुळं वर सिलिंडरच्या पिस्टनला सुमारे दुप्पट, १.२ मिमी जावं लागतं. असे चार पिस्टन. झालं १३६८ घन मिमी, मास्टरला चार मिमी, पेडलला सोळा मिमी. मोठ्या कॅलिपरच्या आठ मिमीच्या दुप्पट.

आणि एअर? सर्किटमध्ये १ मिली हवा अडकली असेल, तर १० बार दाबाला ती आक्रसून अकराव्या हिश्श्यावर येते. म्हणजे जवळजवळ ०.९ मिली ऑइल तिलाच दाबण्यात गेलं. पेडलला अकरा मिमी, तेही हळूहळू दबत जाणारे. फुगा तो हाच. एका कॅलिपरच्या वरच्या कप्प्यात दोन-तीन मिली सहज मावते.

२३.८१ चा मास्टर टाकला तर पेडल वर येईल हे खरं. पण तो दोष झाकेल, काढणार नाही. त्याचं क्षेत्रफळ ४४५, म्हणजे तेवढ्याच पायाला दाब पाव हिश्श्यानं कमी. पुढं मोठ्या पिस्टनमुळं मिळवलेलं सगळं तिथंच परत गेलं, आणि मागचे ड्रम तर पहिल्यापेक्षाही पाव हिश्श्यानं दुबळे झाले. एवढा खर्च कशासाठी केला मग?

जालना_टर्नर

लिव्हर चारास एकच आहे हे कशावरून? पण बरं, ड्रमचा हिशेब पटला. ०.६ मिमीला सोळा मिमी होतील असं वाटलं नव्हतं.

वाळूज_बायपास

मोजलं. हलक्या पायानं एक मिनिट धरलं, पेडल बसलं नाही. हँडब्रेक सोडून पेडल दाबलेलं असताना फ्लोअरपासून ४६ मिमी, हँडब्रेक ओढून ६४. वर आलं, पण फुगा तसाच.

कॅलिपर बघितले आणि डोक्याला हात लावला. डाव्या बाजूला निपल वर आहे. उजव्या बाजूला बॅन्जो वर, निपल खाली. दोन्हीच्या कास्टिंगवर एल आहे. दुकानदारानं जोडी म्हणून दिली ती दोन्ही डावीच. बसायला मात्र अगदी बरोबर बसलीत.

लातूरचा_पाना

बसणारच. बऱ्याच सरकत्या कॅलिपरांत पिन बोल्टांचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं असतं, फरक फक्त निपल आणि बॅन्जोच्या जागेत. निपल खाली असला की त्यातून स्वच्छ ऑइल येत राहतं आणि हवा वरच्या कोपऱ्यात आरामात बसून राहते. तुमचं लिटरभर ऑइल तिच्या खालून निघून गेलं.

उजवा कॅलिपर मिळेपर्यंत तपासणीपुरतं काम असं होईल. दोन्ही पिन बोल्ट काढून कॅलिपर उचला, होज जोडलेलाच ठेवा, पॅड ब्रॅकेटमध्येच राहू द्या. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका, स्प्रिंगला तारेनं बांधा. निपल अर्धा फेरा उघडा, त्याला पारदर्शक नळी लावून नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा आणि सी-क्लॅम्पनं पिस्टन सावकाश पूर्ण आत ढकला. पिस्टन आत गेला की मागची पोकळी लहान होते आणि हवेला लपायला जागा उरत नाही. निपल बंद करा.

मग पिस्टन आणि कॅलिपरची बोटं (बाहेरच्या पॅडला दाबणारी बाजू) यांच्यात भरेल अशा मापाचा लाकडी ठोकळा घाला. बाभळीचा किंवा सागाचा घ्या. प्लायवूड किंवा पॅकिंगच्या पेटीची फळी घेतली तर पेडल दाबताना तीच चेपते आणि तुम्हाला वाटतं एअर आहे. ठोकळा नीट बसलाय याची खात्री केल्याशिवाय पेडलला पाय लावू नका, पिस्टन बाहेर उडाला तर सील किटचं काम पुन्हा पहिल्यापासून.

आता कॅलिपर हातात असा फिरवा की निपल सगळ्यात वर येईल. स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं कॅलिपरवर टकटक करत राहा, भिंतीला चिकटलेले बारीक बुडबुडे सुटतात. एकानं पेडल सावकाश दाबायचं, दुसऱ्यानं निपल पाव ते अर्धा फेरा उघडायचा, पेडल खाली असतानाच बंद करायचा, "बंद" म्हटल्यावरच पाय उचलायचा. भराभर पंप मारू नका, ऑइलला फेस येतो आणि मोठा बुडबुडा फुटून शंभर बारीक होतात.

पेडलखाली फळीचा तुकडा ठेवा म्हणजे ते पार फ्लोअरला टेकणार नाही. जुन्या मास्टरमध्ये पिस्टन जिथवर रोज जातो त्याच्या पुढचा भाग गंजलेला, खडबडीत असतो. एअर काढताना सील तिथं नेऊन खरवडलं की आज चांगला असलेला मास्टर आठवड्यानं बसायला लागतो, आणि मग "ब्रेक मोठे केले म्हणून मास्टर गेला" असं म्हणतात.

डबी एकदाही रिकामी होऊ देऊ नका. उजव्याचं झालं की डाव्याचंही एकदा काढून घ्या. क्रमासाठी गाडीचं मॅन्युअल पाहा. पुढचं एक चाक आणि तिरक्या बाजूचं मागचं चाक अशी सर्किटची विभागणी असेल तर काही कंपन्या जोडीजोडीनं काढायला सांगतात: मागचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, पुढचं डावं.

आणि हे तात्पुरतंच आहे. पुढच्या वेळी ऑइल बदलताना परत हाच खेळ, शिवाय होज उलट्या बाजूनं आल्यामुळं स्टिअरिंग वळवताना पिळला जातो. दुकानदाराकडं एल परत करा, आर घ्या. तो बसवताना बॅन्जोच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे वापरा. जुने वॉशर एकदा दबलेले असतात, जास्त आवळून गळती थांबवायला गेलात तर बॅन्जो बोल्ट मोडेल, तो पोकळ असतो. नंतर स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून होज टायरला किंवा स्ट्रटला घासत नाही ना, ते खाली वाकून डोळ्यांनी पाहा.

नांदेड_लायनर

मागचं राहिलं. हँडब्रेकनं १८ मिमी वर आलं म्हणजे परभणीकरांच्या हिशेबानं प्रत्येक शूला ०.६ च्या थोडा वर गाळा. नवे लायनर टाकून अ‍ॅडजस्टर न फिरवता ड्रम चढवला की हेच होतं. आपोआप होणारं अ‍ॅडजस्टमेंट एका दमात एवढा गाळा भरत नाही.

मागची दोन्ही चाकं उचला, पुढच्या चाकांना दगड लावा, स्टँड लावा, हँडब्रेक सोडा आणि त्याची केबल आधी ढिली करा. केबल ताणलेली असताना अ‍ॅडजस्टर फिरवला तर शू आपल्या मूळ जागी टेकतच नाहीत आणि माप खोटं येतं. ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकू नका, पाण्यानं किंवा ब्रेक क्लीनरनं धुवा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

व्हर्निअरनं ड्रमचा आतला व्यास घ्या आणि शू बसलेले असताना त्यांचा बाहेरचा व्यास घ्या. दोन्हींत साधारण अर्धा मिमी फरक राहील इतका अ‍ॅडजस्टर फिरवा. ड्रम चढवून हातानं फिरवला की लायनर घासल्याचा हलका सूं आवाज यावा, पण ड्रम अडू नये. पेडल दहा-पंधरा वेळा मारून पुन्हा पाहा. केबल सगळ्यात शेवटी ओढायची. अ‍ॅडजस्टरची चुडी बहुतेक गाड्यांत डाव्या-उजव्या बाजूला उलट असते. दोन्ही एकदम खोलून टेबलावर ठेवले आणि अदलाबदल झाली, तर तो आपोआप ताणण्याऐवजी आपोआप ढिला होत जातो.

अजून एक, हे फार जण विसरतात. ड्रम जुना, लेथवर एक-दोनदा घासलेला असेल तर त्याची गोलाई मोठी झालेली असते. त्यात नवे लायनर फक्त मधोमध टेकतात, टोकं हवेत. पेडल दाबलं की शू स्वतः वाकतो आणि पायाला तो स्पंजसारखा लागतो. एअर नसताना फुगा! लायनरवर खडूचे पट्टे ओढा, ड्रम चढवून हलका ब्रेक लावून फिरवा, काढून पाहा कुठं पुसलंय. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्या वर गेला असेल तर भंगारात. जालन्याच्या भट्ट्यांना तसंही भंगार लागतंच.

घाटरस्ता_बीड

मध्येच विचारतो. मी चार पिस्टनचे फिक्स कॅलिपर बघतोय, ३८ मिमीचे. सध्या ५४ चा एक पिस्टन आहे. चारही पिस्टनची बेरीज ४५३६ येते, म्हणजे २२९० च्या जवळजवळ दुप्पट. मग मला तरी मास्टर बदलावा लागेल ना? माझ्या गाडीला एबीएस आहे.

गोदाकाठ_परभणी

चारही जोडायचे नाहीत, एकाच बाजूचे जोडायचे. सरकत्या कॅलिपरचा एकच पिस्टन दोन्ही पॅडचा गाळा भरतो, म्हणून तो दुप्पट सरकतो. फिक्समध्ये दोन्हीकडचे पिस्टन आपापल्या पॅडपुरतेच, म्हणजे अर्धेच सरकतात. तेव्हा तुलना ३८ चे दोन, म्हणजे २२६८, विरुद्ध २२९०. ऑइल जवळपास तेवढंच लागतं, मास्टरला हात लावायची गरज नाही. याच चुकीपायी कित्येकांनी मोठे मास्टर टाकून पाय दुखवून घेतलेत.

फिक्स कॅलिपरचा खरा त्रास ब्रॅकेटमध्ये आहे. वाळूजला व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) ब्रॅकेट कुणीही कापून देईल, पण तो वाकणारा नको आणि कॅलिपर डिस्कला काटकोनात, मधोमध बसायला हवा. दोन्ही बाजूंचं अंतर फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वर आणि खाली मोजा. तिरका बसला तर पॅड आधी एका कडेनं टेकतो, मग वाकून सपाट होतो, आणि तेवढा वेळ पेडल मऊ. एअर काढून हे कधीच जाणार नाही. बोल्ट १०.९ ग्रेडचे, ब्रॅकेटला वेल्डिंग अजिबात नको.

डिस्क चढवण्याआधी हबचा गंज वायर ब्रशनं साफ करा. गंजाचा एक कण डिस्क तिरकी धरतो. डायल गेजवर डोलणं ०.०५ मिमीच्या आत असलं तर उत्तम, ०.१ च्या वर गेलं तर डिस्क पुन्हा बसवा. फिक्स कॅलिपरमध्ये डोलणारी डिस्क किंवा ढिलं बेअरिंग चालता चालता पिस्टन मागं ढकलतं. उभ्या गाडीत पेडल झकास, चार किलोमीटर गेल्यावर पहिला दाब खोल, असं झालं तर इथंच बघायचं.

एबीएसचं म्हणाल तर डबी रिकामी होऊ दिली नाही आणि युनिटच्या नळ्या उघडल्या नाहीत, तर युनिटमध्ये हवा जात नाही, साधी पद्धत पुरते. डबी कोरडी पडली असेल तर स्कॅनर लावून युनिटचे व्हॉल्व्ह आणि पंप चालवत एअर काढावी लागेल.

वाळूज_बायपास

उजव्या बाजूचा कॅलिपर मिळाला, बसवला. मागचे अ‍ॅडजस्टर फिरवले, ड्रम मर्यादेत आहेत, खडू बऱ्यापैकी सगळीकडं पुसला गेला. पेडल दाबलेलं असताना फ्लोअरपासून आता ८४ मिमी, हँडब्रेक ओढून ८६. पहिल्या आणि दुसऱ्या दाबात फरक जवळजवळ नाही. अगदी वर किंचित मऊ लागतं, पुढं कडक. मास्टर मूळचाच ठेवला. आता रस्त्यावर काढू का? आणि उघडलेल्या बाटलीत पाव लिटर ऑइल उरलंय, ते ठेवावं का? कॅलिपरच्या पिनला घरातलं बेअरिंगचं ग्रीस चालेल का?

लातूरचा_पाना

वरची किंचित मऊ लागणारी जागा नव्या पॅडची आहे, ती घासून बसल्यावर जाईल. आधी उभ्या गाडीत इंजिन चालू करून पूर्ण ताकदीनं पेडल अर्धा मिनिट धरा, दोन-तीनदा. मग चारही निपल, दोन्ही बॅन्जो आणि मास्टरच्या नळ्यांची टोकं कोरड्या फडक्यानं पुसून पाहा. ओल दिसली तर पुढं जाऊ नका. मग मोकळ्या मैदानात दहा-वीसच्या वेगानं.

त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम दाबानं आठ-दहा वेळा उतरवा, दोन वेळांच्या मध्ये थोडं चालवून, आणि पूर्ण थांबू नका. गरम पॅड डिस्कवर एका जागी दाबून ठेवले की तिथं थर बसतो आणि पुढं स्टिअरिंग थरथरतं. शेवटी पाच-सात किलोमीटर ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. धुळे-सोलापूर हायवेवर पहाटे जमेल, दुपारच्या ट्रकांमध्ये नको.

एक ध्यानात ठेवा. पुढचा जोर पाव हिश्श्यानं, मोठ्या डिस्कमुळं थोडा अजून वाढलाय, मागचा तेवढाच. एबीएस नाही, तेव्हा पुढची चाकं आधीपेक्षा लवकर जाम होतील. पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या काळ्या मातीवर तर फारच लवकर, आणि जाम झालेल्या चाकांनी गाडी वळत नाही. किती दाबाला चाक जाम होतं ते मोकळ्या जागी ओल्यात एकदा पायानं ओळखून घ्या. मागचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचा दाब मर्यादेत ठेवणारा) कुणी "सेट करून देतो" म्हटलं तरी छेडू नका.

उरलेलं ऑइल टाकून द्या. झाकण लावलं तरी उघडलेली बाटली हवेतलं पाणी ओढते. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशाला उकळतं, ३.७ टक्के पाणी शिरल्यावर ही हमी १५५ वर येते. आपल्याकडच्या ४३ अंशाच्या उन्हानं ते उकळत नाही, कन्नडचा घाट तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये नुसता ब्रेक धरून उतरल्यावर उकळतं. तुमचं पेडल थंड गाडीतच नरम होतं, म्हणून हा मुद्दा आधी काढला नाही. दोन वर्षांनी बदलत जा.

बेअरिंगचं ग्रीस पिनला अजिबात नको. खनिज तेलाच्या ग्रीसनं रबराचे बूट आणि पिनवरचं बुश फुगतं, पिन अडकते, एकच पॅड झिजतो, आणि कॅलिपर तिरका ओढला गेला की पेडल परत मऊ. सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस मागा, पातळ थर द्या. पिनच्या भोकात ठासून भरलं तर हवा कोंडून पिन बाहेर ढकलली जाते. डाव्या कॅलिपरच्या पिनला काय लावलंय? आधीच बेअरिंगचं लावलं असेल तर ते काढून, भोक पुसून, बूट फुगलेत का पाहून मगच गाडी बाहेर काढा.